अकरा अंकांचा हार

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेयेस अक्कलकोट तालुका आहे. त्या तालुक्यात अक्कलकोट आणि दुधनी यांच्या दरम्यान मैंदर्गी हे गाव वसलेले आहे. कर्नाटकाची सीमा येथून जवळच असल्यामुळे गावात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा कानी पडतात. बाजारात एक जण 'अकरा' म्हणतो, तर दुसरा 'हन्नोंदु' म्हणतो. परंतु हिशेब मात्र दोघांचाही एकच येतो.

या भागातून जाणारा लोहमार्ग जुना आहे. मुंबईहून निघून डोंबिवली, कल्याण, पुणे, सोलापूर अशी स्थानके घेत तो अक्कलकोट रोड व दुधनी येथून पुढे कलबुर्गी आणि वाडीकडे जातो. वाडीहून सिकंदराबादकडे वळणाऱ्या मार्गावर मलखेड रोड नावाचे एक स्थानक आहे. आज मलखेड हे कागिणा नदीच्या काठचे एक लहान गाव आहे. परंतु अकराशे वर्षांपूर्वी ते मान्यखेट या नावाने राष्ट्रकूट राजांची राजधानी होते. त्या काळी मैंदर्गीचा परिसरही याच राज्यात मोडत असे. इ. स. ८१४ पासून ८७८ पर्यंत अमोघवर्ष नावाचा राजा तेथे राज्य करीत होता. त्याच्या कारकीर्दीत महावीराचार्य नावाचे एक जैन गणिती होऊन गेले. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि ग्रंथाच्या आरंभी अमोघवर्षाची स्तुती केली. हा ग्रंथ मद्रास येथे १९१२ साली रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह छापून प्रसिद्ध केला.

गणिताचा ग्रंथ म्हटला की तो रुक्ष असावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. महावीराचार्यांचा ग्रंथ तसा नाही. गुणाकार शिकविताना त्यांनी काही उदाहरणे अशी निवडली आहेत, की त्यांचे उत्तर डोळ्यांना सुंदर दिसावे. १४२८५७१४३ या संख्येला ७ ने गुणिले असता १००००००००१ हे उत्तर येते. दोन टोकांना एक एक मणी आणि मध्ये नुसती शून्ये! अशा उत्तरांना महावीराचार्यांनी गळ्यातील हाराची उपमा दिली आहे. ज्या गुरूने अशी उदाहरणे घातली, त्याला विद्यार्थ्यांचे मन चांगले कळत होते, असे म्हटले पाहिजे.

या हारांपैकी एक हार विशेष मोठा आहे. २७९९४६८१ या संख्येला ४४१ ने गुणावयाचे. गुणाकार पुढीलप्रमाणे होतो :

२७९९४६८१ × १ = २७९९४६८१
२७९९४६८१ × ४० = १११९७८७२४०
२७९९४६८१ × ४०० = १११९७८७२४००

या तीन ओळींकडे पाहून उत्तर कसे असेल याची कल्पना येत नाही. अंक अस्ताव्यस्त पडलेले दिसतात. परंतु तीनही ओळींची बेरीज केली, की

१२३४५६५४३२१

ही संख्या समोर येते. एकापासून एकेक पायरी चढत सहापर्यंत जावे आणि तशाच पायऱ्या उतरून पुन्हा एकावर यावे, अशी तिची मांडणी आहे. महावीराचार्यांनी तिचे वर्णनही याच रीतीने केले आहे. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून वाचा, संख्या तीच राहते.

ही संख्या शब्दांत वाचणे थोडे कठीण आहे. एक हजार दोनशे चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चौपन्न हजार, तीनशे एकवीस असे तिचे वाचन होते. महावीराचार्यांच्या ग्रंथात एकं या स्थानापासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. त्यांच्या यादीप्रमाणे या संख्येतील डावीकडचा पहिला अंक 'अर्बुद' स्थानी येतो. पुढे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली, तिच्यात मात्र अठराच स्थाने आहेत आणि अर्बुद हे अकरावे नसून नववे स्थान आहे. एकाच नावाचा अर्थ ग्रंथागणिक असा बदलतो. अंकांची मांडणी तशी बदलत नाही. म्हणून मोठी संख्या सांगताना नावापेक्षा अंकांवर भिस्त ठेवणे बरे.

आता असा प्रश्न उभा राहतो, की ४४१ आणि २७९९४६८१ या दोन ओबडधोबड संख्यांच्या गुणाकारातून इतके सुबक उत्तर कसे निघाले? हा केवळ योगायोग आहे काय?

योगायोग नाही. ४४१ हा २१ चा वर्ग आहे. २७९९४६८१ हाही एक वर्ग आहे. तो ५२९१ चा वर्ग होय. २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार केला असता १११११११ नव्हे, तर १११११ ही नव्हे, बरोबर सहा एकांची संख्या येते : १११११１. येथे एक मोजण्यात चूक होणे फार सोपे आहे, म्हणून ती बोटाने मोजून पाहावी. तेव्हा महावीराचार्यांचा हार म्हणजे सहा वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग आहे.

त्या वर्गाला पायऱ्यांचे रूप का येते, हे लहान उदाहरणावरून लगेच ध्यानात येईल. १११ ला १११ ने गुणावे :

　　१११
　１११०
１११００
———
１२३２１

प्रत्येक ओळीत तेच तीन एक आहेत. फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकली आहे. त्यामुळे एककाच्या रकान्यात एक एक पडतो, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन आणि त्यापुढे पुन्हा दोन व एक. सहा एकांची संख्या घेतली, तर अशा सहा ओळी होतात. मधल्या रकान्यात सहा एक येतात आणि दोन्ही बाजूंना त्यांची संख्या एकेकाने उतरत जाते. रकाने एकंदर अकरा होतात, म्हणून उत्तरही अकरा अंकी असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा एक, म्हणजे एकंदर छत्तीस एक कागदावर मांडले गेले. उत्तरातील अंकांची बेरीज म्हणजे या एकांचीच मोजदाद. ती छत्तीस भरलीच पाहिजे. १ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ५ + ४ + ३ + २ + १ ही बेरीज करून पाहावी. छत्तीसला नवाने भाग जातो, तेव्हा या संख्येलाही नवाने नि:शेष भाग जातो. अकराची कसोटीही अशीच लावता येते. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा केल्या, तर १ + ३ + ५ + ५ + ३ + १ = १८ आणि २ + ४ + ६ + ४ + २ = १८ अशा त्या सारख्या येतात; म्हणून संख्येला अकरानेही भाग जातो.

सहा एकांच्या संख्येचे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७ हे पाच आहेत. हारात प्रत्येक अवयव दोनदा ओवलेला असतो. त्यामुळे या संख्येला नि:शेष भागणाऱ्या संख्या थोड्याथोडक्या नसून २४३ आहेत. महावीराचार्यांनी ३ आणि ७ एका बाजूला घेतले, त्यांचा गुणाकार २१ झाला. उरलेल्या तिघांचा ५२९१ झाला. दुसऱ्या कोणी ७ आणि ११ एका बाजूला घेतले, तर ७७ आणि १४४३ अशी जोडी मिळेल. त्यांचे वर्ग ५९२९ आणि २०८२२४९. यांचा गुणाकार केला, की तोच हार पुन्हा तयार होतो. ११ आणि १३ एकत्र घेतल्यास १४३ व ७७७ ही जोडी सापडते. मणी तेच, ओवण्याची रीत निराळी. मैंदर्गीच्या शाळेत बसून एखाद्या मुलाने पाटीवर अशी नवी जोडी शोधली, तर त्याचा हार मान्यखेटच्या काळातील हाराहून कोणत्याही बाबतीत उणा ठरणार नाही.

याच संख्यांचे वेड पुढे लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला एका मराठी शिक्षकास लागले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. ठाणे येथे शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. मोठे ग्रंथालय, प्रयोगशाळा, गणकयंत्र यांपैकी काहीही त्यांच्या हाताशी नव्हते. कागद, पेन्सिल आणि संख्या एवढेच त्यांचे भांडवल होते.

एकांच्या वर्गांतून निघणाऱ्या १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' असे नाव दिले. त्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना डेम्लो नावाच्या रेल्वे स्थानकात सुचली होती. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली होय. स्थानकात गाडीची वाट पाहणारे लोक पुष्कळ असतात. परंतु त्या स्थानकाचे नाव गणिताच्या पुस्तकात घालणारा प्रवासी विरळाच. १९३८ साली या संख्यांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि १९४८ साली त्यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकही काढले.

कापरेकरांच्या या कामाला त्या काळच्या अनेक विद्वानांनी फारसे महत्त्व दिले नाही. अंकांचा हा नुसता खेळ आहे, असे त्यांना वाटे. कापरेकरांनी आपला अभ्यास सोडला नाही. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म सांगितला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ पासून आरंभ केला, तर प्रथम ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या खेपेस ६१७४ येते. कोठूनही निघाले तरी सात खेपांच्या आत हेच स्थानक गाठले जाते आणि गाडी तेथून पुढे हलत नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पसरले. १९८६ साली ते निवर्तले. आज ६१७४ ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

डेम्लो संख्यांकडे पुन्हा वळावे. सहा एकांवर थांबण्याचे कारण नाही. सात एकांच्या वर्गात सातापर्यंत पायऱ्या चढतात, आठांच्या वर्गात आठापर्यंत. नऊ एकांचा वर्ग असा येतो :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या या जिन्याचा कळस आहे. येथे एक्क्याऐंशी एक मांडले गेले आणि अंकांची बेरीजही एक्क्याऐंशी भरते. नऊ एकांची संख्यासुद्धा महावीराचार्यांच्या हारांत आहे. १२३४५६७९ ला ९ ने गुणून त्यांनी ती मिळविली. या गुण्यात आठ हा अंक नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

समजा, मैंदर्गीच्या शाळेतील एखाद्या मुलीने इथवरची सर्व उदाहरणे पाटीवर करून पाहिली. आता तिला दहा एकांचा वर्ग हवा आहे. गुणाकार करण्याचा तिला कंटाळा आला आहे आणि उत्तर तर डोळ्यांसमोर दिसतेच आहे. नवानंतर दहा यावयाचे आणि मग उतरावयाचे. ती न गुणताच लिहिते :

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

हे उत्तर चूक आहे. गुणाकार न करताही ते चूक असल्याचे दाखविता येते. दहा एकांची संख्या दोनशे कोटींहून लहान आहे. म्हणून तिचा वर्ग दोनशे कोटींच्या वर्गाहून लहान असला पाहिजे, आणि दोनशे कोटींचा वर्ग एकोणीस अंकी असतो. मुलीच्या उत्तरात अंक मात्र वीस आहेत.

चूक कोठे झाली? दहा ओळी मांडल्या, तर मधल्या रकान्यात दहा एक पडतात, हे तिचे म्हणणे खरे आहे. परंतु एका रकान्यात एकच अंक राहू शकतो. तेथे शून्य लिहून एक हातचा डावीकडे द्यावा लागतो. डावीकडच्या रकान्यात आधीच नऊ एक आहेत; हातचा मिळून तेही दहा होतात. तेथेही शून्य आणि पुन्हा एक हातचा. त्याच्या डावीकडे आठ आहेत. त्यांचे नऊ होतात आणि हातच्याचा प्रवास तेथे संपतो. खरे उत्तर असे :

१२३४५६७९００९८७६५४३२१

चढणीवरचा आठ नाहीसा झाला. महावीराचार्यांच्या १२३४५६७९ मध्येही तो नव्हता; तीच संख्या येथे आरंभी पुन्हा उभी राहिली आहे. उलटे वाचले असता संख्या आता तीच राहत नाही. अंकांची बेरीजही बदलली. कागदावर शंभर एक मांडले होते; परंतु उत्तरातील अंकांची बेरीज ब्याऐंशीच भरते. एका रकान्यातील दहा एक जाऊन त्यांच्या जागी शेजारच्या रकान्यात एकच एक येतो, म्हणजे प्रत्येक हातच्यामागे बेरजेतून नऊ कमी होतात. हातचा दोनदा द्यावा लागला, म्हणून अठरा कमी झाले. नऊ उदाहरणांत जे दिसले, ते दहाव्यात टिकले नाही, आणि त्याचे कारण पहिल्या उदाहरणापासूनच रकान्यांत दडलेले होते.

तथापि मुलीने पाटीवर लिहिलेली वीस अंकी संख्या पुसून टाकण्याची घाई करू नये. तिच्या अंकांची बेरीज एक्क्याण्णव आहे, म्हणून तिला तीनने भाग जात नाही. दोनने व पाचाने भाग जात नाही, हे शेवटचा अंक पाहताच कळते. सात, अकरा, तेरा, सतरा असे भाजक घेत पुढे जावे, तर त्यांपैकीही कोणी लागू पडत नाही. ही संख्या मूळ संख्या आहे. तिला एक व ती स्वत: यांखेरीज दुसरा भाजक नाही. हाताने भागाकार करून याची खात्री करून घ्यावयाची, तर तीनशे एक्कावन्न कोटींपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल, आणि अशा मूळ संख्या सोळा कोटींहून अधिक आहेत. मिनिटाला एक भागाकार या वेगाने रात्रंदिवस बसले तरी तीनशे वर्षांहून अधिक काळ लागेल. संगणकाला हे काम क्षणभराचे आहे.

महावीराचार्यांच्या हाराला २४३ भाजक होते आणि तो अनेक रीतींनी ओवता येत होता. पाटीवर चुकून उमटलेली ही संख्या दिसावयास त्या हारासारखीच आहे. पण ती कोणत्याही दोन लहान संख्यांच्या गुणाकाराने तयार होत नाही.